सदोष ‘रिफर्बिश्ड’ गेमिंग संगणक : ठेवावा की परत करावा?

नवा गेमिंग संगणक परवडेनासा झाला की ‘रिफर्बिश्ड’ म्हणजे पूर्वी वापरलेला, तपासून व दुरुस्त करून पुन्हा विक्रीस ठेवलेला संगणक हा पर्याय समोर येतो. म्हापसा, पणजी, मडगाव, फोंडा येथील एखाद्या दुकानातून किंवा मुंबई-बंगळुरूच्या विक्रेत्याकडून कुरिअरने तो घरी पोहोचतो. दोन दिवस सारे सुरळीत चालते आणि तिसऱ्या दिवशी खेळ ऐन रंगात आला असता पडदा काळा होतो. यंत्र पुन्हा सुरू केले की काहीच घडले नसल्यासारखे चालू लागते. येथून ग्राहकाची द्विधा अवस्था सुरू होते.

‘स्वस्तात मिळाला आहे, एवढे चालायचेच’ असे म्हणून काही जण गप्प राहतात आणि परतीची मुदत हातची घालवतात. काही जण उलट, एखादी सैल झालेली केबल बसवून सुटणाऱ्या अडचणीसाठी चांगले यंत्र परत पाठवून देतात. दोन्हींत नुकसान आहे. दोष दुरुस्त होईल का, एवढेच पाहून हा निर्णय घेता येत नाही. तोच दोष सहा महिन्यांनी पुन्हा उद्भवला तर त्याचा खर्च कोण सोसणार, हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी दोष कोणत्या भागात आहे, तो हवा तेव्हा दाखवून देता येतो का आणि विक्रेत्याने लेखी काय दिले आहे, या तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

रिफर्बिश्ड या एका शब्दाचे तीन अर्थ

बाजारात या नावाने तीन निरनिराळ्या प्रकारचा माल विकला जातो. पहिला प्रकार उत्पादक कंपनीने किंवा तिच्या अधिकृत केंद्राने परत घेऊन दुरुस्त केलेल्या यंत्रांचा. दुसरा, कार्यालयांनी काढून टाकलेल्या संगणकांचा. त्यांत नंतर ग्राफिक्स कार्ड बसवून ‘गेमिंग’ अशी चिठ्ठी लावलेली असते. तिसरा, निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले जुने सुटे भाग एकत्र करून नव्या चकचकीत कॅबिनेटमध्ये जुळवलेल्या यंत्रांचा. ‘ए’, ‘बी’ अशा श्रेणी विक्रेते आपापल्या पद्धतीने लावतात. त्यामुळे एकाची ‘ए’ श्रेणी दुसऱ्याच्या ‘बी’पेक्षा सरस असेलच असे नाही.

दुसऱ्या प्रकाराच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. कार्यालयीन संगणकांतील पॉवर सप्लाय, ज्याला आपल्याकडे एसएमपीएस म्हणतात, तो मर्यादित क्षमतेचा असतो आणि काही कंपन्यांच्या यंत्रांत त्याची जोडणी बाजारात सर्रास मिळणाऱ्या एसएमपीएसशी जुळत नाही. तो बिघडला तर जवळच्या दुकानातून दुसरा आणून बसवणे सोपे राहत नाही. ग्राफिक्स कार्डाला पुरेशी वीज देण्यासाठी कधी कधी हार्ड डिस्कच्या साटा जोडणीतून अडॉप्टर लावलेला आढळतो. साटा जोडणीची १२ व्होल्टवरील मर्यादा ५४ वॅट आहे, तर कार्डाच्या सहा पिनांच्या जोडणीतून ७५ वॅटपर्यंत आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॅटपर्यंत वीज खेचली जाऊ शकते. अशी जोडणी तापून वितळण्याचा धोका असतो. आतील जुळणीत हा अडॉप्टर दिसला, तर संगणक सध्या व्यवस्थित चालत असला तरी तो दोषच समजावा.

सर्वप्रथम मुदत आणि पुरावा

दोष दिसताच पहिले काम परतीची शेवटची तारीख पाहण्याचे. परतीची मुदत आणि हमीची मुदत या दोन भिन्न गोष्टी आहेत. परतीच्या मुदतीत पैसे मागता येतात. हमीच्या मुदतीत बहुधा दुरुस्ती किंवा बदली एवढेच मिळते. ‘दोन दिवस वापरून बघा, नीट होईल’ असे दूरध्वनीवर सांगितले गेले, तर त्या आश्वासनाने परतीची मुदत वाढत नाही. म्हणून तक्रार त्याच दिवशी लेखी, म्हणजे ईमेलने, व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा विक्रेत्याच्या संकेतस्थळावरील तक्रारीच्या रकान्यात नोंदवावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा.

बिल, जाहिरातीत दिलेल्या तपशिलाची छायाचित्रे, यंत्रावरील व आतील भागांवरील अनुक्रमांक आणि दोष घडत असतानाचा मोबाइलवरील चित्रफितीचा पुरावा एकत्र ठेवावा. पावसाळ्यात खोके ओलसर वा दबलेले आले असेल तर ते उघडण्यापूर्वीच छायाचित्र काढावे. कॅबिनेटवर विक्रेत्याचे सील असल्यास त्याची लेखी परवानगी घेतल्याशिवाय ते तोडू नये. पुढे ‘ग्राहकानेच आतले भाग बदलले’ असे म्हणायला जागा राहते.

दोष यंत्रात की घरात?

परत करण्याआधी घरातील कारणे वगळणे आवश्यक आहे, कारण ती तशीच राहिली तर बदली यंत्रही तसेच वागेल. वीजदाब खाली-वर होत असेल, अर्थिंग नीट नसेल किंवा एकाच स्पाइक गार्डवर शीतकपाट आणि संगणक जोडले असतील, तर जोर लावणारा खेळ सुरू होताच संगणक बंद पडू शकतो. यूपीएसची क्षमता कमी असली तरी हेच घडते. संगणक नातेवाइकांच्या किंवा मित्राच्या घरी नेऊन तोच खेळ तासभर चालवून पाहणे ही बिनखर्चाची आणि खात्रीची परीक्षा आहे.

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डच्या जोडणीत खोचली गेली असेल, तर महागडे कार्ड असूनही खेळ रखडत चालतो. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० हर्ट्‌झवर राहिलेला असणे, जुना ड्रायव्हर असणे, प्रवासातील हादऱ्यांनी रॅमची पट्टी सैल होणे, हीही नेहमीची कारणे आहेत. विक्रेत्याच्या संमतीने रॅम काढून पुन्हा घट्ट बसवणे आणि ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने घालणे, या दोन कृतींनंतरही दोष राहिला तरच पुढे जावे.

एका सुट्टीच्या दिवसात करण्याच्या चाचण्या

जाहिरात आणि प्रत्यक्ष यांचा मेळ घालणे ही पहिली चाचणी. सीपीयू-झेड आणि जीपीयू-झेड या मोफत साधनांनी प्रोसेसर, रॅम व ग्राफिक्स कार्डाचे खरे स्वरूप कळते. जुन्या कार्डाचे अंतर्गत नाव बदलून ते नवे म्हणून विकण्याचे प्रकार घडले आहेत आणि जीपीयू-झेड त्यांतील अनेक बनावट कार्डे ओळखून तसा इशारा देते. नावातील बारीक फरकही महत्त्वाचा असतो. एनव्हिडियाचे जीटीएक्स १०६० हे कार्ड ६ जीबी आणि ३ जीबी अशा दोन रूपांत आले. पण दोहोंत केवळ स्मृतीचा फरक नव्हता, पहिल्यात १२८० गणनकेंद्रे होती तर दुसऱ्यात ११५२.

दुसरी चाचणी रॅमची. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून चालते आणि तिला काही तास लागतात. रात्री लावून ठेवावी. तिच्यात एकही चूक निघता कामा नये. ‘एखादी चूक चालते’ हे म्हणणे रॅमच्या बाबतीत खरे नाही.

तिसरी चाचणी साठवणुकीची. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडी किंवा हार्ड डिस्क किती तास चालली आहे आणि तिचे आरोग्य कसे आहे, हे दिसते. हार्ड डिस्कवर बाद झालेल्या क्षेत्रांचा आकडा दिसला आणि तो दिवसागणिक वाढत असला, तर ती डिस्क भरवशाची नाही.

चौथी चाचणी ताणाची. ओसीसीटीसारख्या साधनाने प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड अर्धा तास पूर्ण क्षमतेने चालवावे आणि तापमान पाहावे. खेळताना ग्राफिक्स कार्डाचे तापमान ७० ते ८५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहणे सामान्य आहे. अनेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोहोचले की स्वतःच आपला वेग कमी करतात. यंत्र धडकन बंद पडत असेल तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधील नोंदी पाहाव्यात. ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद यंत्र नीट बंद न होता थांबले एवढेच सांगते, कारण सांगत नाही. ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ या नावाच्या नोंदी मात्र वारंवार दिसल्या, तर हार्डवेअरमध्ये दोष असण्याची शक्यता बळावते. या नोंदींची छायाचित्रे तक्रारीला जोडावीत.

ठेवण्यास हरकत नसलेले दोष

ज्या दोषाचे कारण निश्चित कळले आहे, ज्याचा सुटा भाग बाजारात सहज मिळतो आणि तो बदलल्याने इतर भागांना इजा होत नाही, असे दोष असलेला संगणक ठेवता येतो. पंख्याचा घरघराट, साचलेली धूळ, सुकलेली थर्मल पेस्ट, घड्याळ मागे पडायला लावणारा मदरबोर्डवरील सीआर २०३२ जातीचा बटण-सेल, सैल यूएसबी जोडणी, झिजलेला कीबोर्ड हे त्यांतले. रॅमची एकच पट्टी असल्याने खेळ मंद चालत असेल तर दुसरी जोडीची पट्टी घालून वेग वाढतो. एसएसडी थकलेली असली तरी तीही बदलता येते.

असा संगणक ठेवताना विक्रेत्याकडून किंमतीतील काही रक्कम परत मागणे रास्त आहे. ती मिळाल्यास ‘अमुक दोषापोटी इतकी रक्कम परत, उर्वरित हमी कायम’ असे शब्द लेखी घ्यावेत. शेवटचे दोन शब्द राहून गेले तर सवलतीच्या बदल्यात हमी सोडून दिली, असा अर्थ लावला जाऊ शकतो. जाहिरातीत आधीच सांगितलेला ओरखडा किंवा रंग उडालेला कोपरा मात्र तक्रारीचा विषय होत नाही. त्याची किंमत आधीच वजा झालेली असते.

परत करण्याजोगे दोष

मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर आणि एसएमपीएस या चार भागांतील दोष सर्वसाधारणपणे परतीचे कारण मानावेत. पडद्यावर रंगीत ठिपके, चौकटी किंवा आडव्या रेघा उमटणे हे कार्डाच्या स्मृतीतील बिघाडाचे लक्षण असू शकते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या कूटचलनाने ग्राफिक्स कार्डांच्या साहाय्याने चालणारे ‘मायनिंग’ बंद केले आणि त्यानंतर दीर्घकाळ अहोरात्र चाललेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. असे प्रत्येक कार्ड खराबच असते असे नाही. पण दोष दिसू लागलेले कार्ड ‘गरम करून चिप बसवून’ देतो, असे कोणी म्हटल्यास तो उपाय टिकाऊ मानू नये.

जोडण्यांवर हिरवट वा पांढरा गंज दिसला तर संगणक ठेवू नये. किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत तो थांबत नाही, वाढतच जातो. जळकट वास, वितळलेली जोडणी किंवा स्पर्श करताच बसणारा विजेचा झटका यांबाबत विचाराला जागाच नाही. यंत्र बंद करावे आणि पुन्हा लावू नये. लॅपटॉपची बॅटरी फुगलेली असेल तर तेच करावे. मात्र ती स्वतः काढू नये आणि विक्रेत्याला ते आधी सांगितल्याशिवाय कुरिअरला देऊ नये.

काही दोष यंत्रात नसतात, ते हक्कांत असतात. कार्यालयातून आलेला संगणक रिसेट केल्यावर एखाद्या संस्थेचे खाते व परवलीचा शब्द मागत असेल, किंवा बायोसला अनोळखी पासवर्ड असेल, तर तो संगणक पूर्णपणे तुमच्या ताब्यात आलेलाच नाही. विंडोजचा परवाना सेटिंग्जमध्ये सक्रिय दिसतो का, हेही पाहावे.

कालबाह्यता हा असाच न दिसणारा दोष आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि इंटेलचा असल्यास साधारणतः आठव्या पिढीचा वा त्यापुढील प्रोसेसर लागतो. व्हॅलोरंटसारखा लोकप्रिय खेळ विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट यांशिवाय सुरूच होत नाही. एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९०० आणि १० या मालिकांसाठी नव्या खेळांना अनुसरून येणारे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. सुरक्षेपुरत्या सुधारणा ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील. ‘सर्व नवे खेळ चालतात’ अशी जाहिरात करून असा संगणक विकला असेल, तर तो जाहिरातीशी न जुळणारा माल ठरतो.

अधूनमधून येणारा दोष

सर्वांत कठीण निर्णय अधूनमधून दिसणाऱ्या दोषाचा. दुकानात नेले की संगणक निमूटपणे चालतो आणि घरी आणला की पुन्हा बंद पडतो. अशा वेळी नुसत्या अंदाजावर एकेक भाग बदलत राहणे हा खर्चाचा खड्डा आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. २०२४ मध्ये जगभरातील ग्राहकांनी तक्रारी केल्या की काही खेळ अचानक बंद पडतात आणि ‘ग्राफिक्स स्मृती अपुरी’ असा संदेश येतो. त्यावरून अनेकांना ग्राफिक्स कार्डाचा संशय आला. दोष निघाला तो प्रोसेसरात. त्याला गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मिळून तो हळूहळू निकामी होत होता. इंटेलने बायोसमार्फत सुधारणा दिली आणि स्वतंत्रपणे डबाबंद विकलेल्या प्रभावित प्रोसेसरांची हमी ३ वर्षांवरून ५ वर्षांवर नेली. सुधारणेमुळे पुढील हानी टळते. झालेली हानी मात्र भरून निघत नाही. या पिढ्यांचा जुना प्रोसेसर असलेला संगणक वारंवार कोसळत असेल, तर ‘बायोस अद्ययावत केले आहे’ हे उत्तर पुरेसे मानू नये.

परतीच्या मुदतीत कारण सापडले नाही, तर संगणक परत करावा, हाच सुरक्षित नियम. कारण न कळलेल्या दोषाची दुरुस्ती झाली की नाही, हेही कळत नाही.

हिशेब कसा मांडावा?

समजा, रिफर्बिश्ड संगणक ४५ हजार रुपयांना घेतला आणि त्याच ताकदीचा नवा संगणक पूर्ण हमीसह ६० हजारांना मिळतो. म्हणजे १५ हजारांची बचत हाच धोका पत्करण्याचा मोबदला झाला. आता ग्राफिक्स कार्ड बदलण्यास १४ हजार लागणार असतील, तर बचत जवळजवळ संपली आणि धोका मात्र तसाच राहिला. असा संगणक ठेवण्यात अर्थ नाही. उलट ८०० रुपयांचा पंखा आणि पेस्ट यांनी काम भागत असेल, तर परतीचा खटाटोप, कुरिअरचा खर्च आणि पुन्हा नव्याने शोधाशोध यांपेक्षा दुरुस्ती परवडते. हिशेबात वाया जाणारे दिवसही धरावेत. तोच संगणक अभ्यासाला किंवा उपजीविकेला वापरला जात असेल, तर महिनाभराची दुरुस्ती ही स्वस्त गोष्ट राहत नाही.

कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुन्या आणि पुन्हा सज्ज केलेल्या मालाच्या विक्रीलाही लागू होतो. विक्रेत्याने दावा केलेल्या दर्जात उणीव असणे म्हणजे दोष, अशी त्याची व्यापक व्याख्या आहे. जुना किंवा नूतनीकरण केलेला माल नवा म्हणून विकणे, बिल न देणे आणि सदोष माल परत घेण्यास नकार देणे या तिन्ही अनुचित व्यापारी प्रथा आहेत. बिलात मुदत दिली नसेल तर परताव्यासाठी ३० दिवसांचा कालावधी कायद्याने धरला आहे. त्यामुळे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही बिलावर छापलेली ओळ सदोष मालाच्या बाबतीत अंतिम ठरत नाही.

ऑनलाइन खरेदीला २०२० चे ई-कॉमर्स नियमही लागू आहेत. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि एका महिन्यात तक्रारीचे निवारण करावे, असे ते सांगतात. माल सदोष असेल किंवा जाहिरातीतील वर्णनाशी जुळत नसेल, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही.

तरीही दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यापुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. विक्रेता मुंबईचा वा दिल्लीचा असला तरी ग्राहक आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागू शकतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीचे शुल्क नाही, वकील असणे बंधनकारक नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल होते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. मालाची तांत्रिक तपासणी लागणारी प्रकरणे पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायद्यात म्हटले आहे.

दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. विक्रीचा व्यवसाय न करणाऱ्या खासगी व्यक्तीकडून जुना संगणक घेतल्यास या कायद्याचा आधार सहसा मिळत नाही. तसेच व्यापारी वापरासाठी, उदाहरणार्थ मोठे गेमिंग केंद्र चालवण्यासाठी, केलेली खरेदी त्यात येत नाही. स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह करणाऱ्याला मात्र सूट आहे.

परत पाठवण्यापूर्वी

आपली छायाचित्रे, कागदपत्रे आणि खेळांची प्रगती अन्यत्र उतरवून घ्यावी. विंडोज, स्टीम, ब्राउझर आणि बँकेशी संबंधित सर्व खात्यांतून बाहेर पडावे आणि ‘रिसेट’ करताना डिस्क पूर्ण पुसण्याचा पर्याय निवडावा. दोषाची चित्रफीत त्यापूर्वीच काढलेली असावी. सर्व भागांचे अनुक्रमांक पुन्हा टिपावेत, मूळ खोके वापरावे, आत जड ग्राफिक्स कार्ड असल्यास त्याला आधार द्यावा, बांधणी करतानाचे चित्रीकरण करावे आणि कुरिअरची पावती परतावा खात्यात जमा होईपर्यंत सांभाळावी. बदली यंत्र मिळाले, तर त्याची परतीची मुदत नव्याने सुरू होते का, हे लेखी विचारावे आणि सर्व चाचण्या पहिल्या दिवसापासून पुन्हा कराव्यात.

रिफर्बिश्ड वस्तू घेण्यात कमीपणा काहीच नाही; वापरण्याजोगे यंत्र भंगारात जाण्यापासून वाचते आणि पैसाही वाचतो. मात्र कमी किंमत दिली म्हणून ग्राहकाचा हक्क कमी होत नाही. कारण कळले, भाग स्वस्त आहे आणि हमी लेखी आहे, तर संगणक ठेवावा. यांपैकी एकही गोष्ट नसेल, तर मुदत संपण्याच्या आदल्या दिवसापर्यंत न थांबता तो परत करावा.